पंधरा उंबरठ्यांचा जोड

मला चांगल्या बुटांची हौस आहे, हे आधीच सांगून टाकते. बाईमाणसाला साड्यांची हौस असली तर कुणी काही म्हणत नाही, बुटांचं नाव काढलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चपर्यंत सकाळी नाशिकमधून निघायचं, पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या बागा फिरायच्या, मण्यांची फुगवण बघायची, साखर मोजायची आणि शेतकऱ्याची फवारणीची वही तपासून सही करायची. एकोणीस वर्षं हेच करते आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही. या कामात बुटांना फार मान असतो. तुम्ही वेलींच्या ओळीत शिरता तेव्हा शेतकरी बहुतेक वेळा खाली उकिडवा बसलेला असतो, आणि त्याला आधी तुमचे बूटच दिसतात.

गेली दोन वर्षं मात्र थंडी पडली की माझ्या पायांची बोटं पांढरी पडायला लागली. मग ती जांभळी व्हायची, आणि रक्त परत यायला लागलं की अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, "पाय गार पडू देऊ नका." बोलायला काय जातंय? आमच्या निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पानांवर दव गोठतं आणि माणसं वेलींना ऊब मिळावी म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. गेल्या जानेवारीत बोटं इतकी बधिर झाली की मी एका बांधावरून घसरले. शेतकऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं मला दोन्हीकडून धरून गाडीपर्यंत आणलं. ही बातमी माझ्याआधी ऑफिसात पोचली.

दिवाळीनंतर साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि सगळ्यांना सांभाळून घेतो. म्हणाले, "मॅडम, या सीझनला तुम्ही ऑफिसातच बसा, कागदपत्रं बघा. डिसेंबरअखेरपर्यंत काय ते मला सांगा, म्हणजे तुमच्या बागा मी दुसऱ्यांना वाटून देतो." मी "बघते" म्हणाले आणि जिना उतरताना माझा नुसता संताप संताप झाला. कागदपत्रं बघायला मी एकोणीस वर्षं उन्हातान्हात फिरले काय? रागाच्या खाली भीती होती, तेही कबूल करते. बागा एकदा दुसऱ्याकडे गेल्या की परत मिळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या बागांशिवाय माझं काय उरतं, हा प्रश्न मला स्वतःला विचारायचा नव्हता.

म्हणून मी बुटांच्या मागे लागले. कॉलेज रोडवरची दुकानं पालथी घातली. दुकानातली मुलं दोनच गोष्टी विचारायची, नंबर कुठला आणि रंग कुठला. आधी आतून लोकर असलेले बूट घेतले, ते दवात भिजले की दोन दिवस वाळायचे नाहीत. मग डोंगर चढणाऱ्यांचे, घोट्याच्या वरपर्यंत नाडी असलेले बूट घेतले. ते पायात होते तोवर छान वाटायचं. पण प्रत्येक घराच्या ओट्यावर वाकून त्या नाड्या सोडायच्या, आणि शेतकरी हातात चहाचा कप घेऊन माझी वाट बघत उभा. लेकीनं ऑनलाइन मागवलेले बूट ऊबदार होते, पण ते घालून मी बांधकामावरच्या मुकादमासारखी दिसत होते. एवढं वय झालं तरी मला ते चालत नाही. मला ऊब पाहिजे होती आणि रुबाबही पाहिजे होता. बोटं मात्र कुठल्याच बुटांत सुधारली नाहीत.

त्यातल्या नाडीवाल्या बुटांचा तळ एका बाजूनं सुटला, तो चिकटवायला म्हणून भद्रकालीच्या एका बोळात गेले. तिथे एका मावशींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खण, भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, आणि मध्ये साठीच्या पुढच्या मावशी, चष्मा नाकाच्या टोकावर. माहेर नांदगावकडचं. सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकल्या आणि त्यांच्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. मी पायातून काढून दिलेला बूट त्यांनी हातात घेतला, आत हात घातला, बाहेर काढून हाताचा वास घेतला. मग माझ्या पायांकडे बघितलं.

"ताई, एवढा भारी बूट घेतलाय आणि मोजे ओले कसे तुमचे?"

मी म्हणाले, "दवात फिरते ना."

"दव बाहेर हाय. बूट आतून ओला हाय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दिवसातून किती वेळा काढता हे?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, ना दुकानातल्या मुलांनी, ना डॉक्टरांनी. मी बोटांवर मोजायला लागले. पहिली बाग, वहीवर सही करायला घरात, एकदा. दुसरी बाग, तिसरी. चहाला नाही म्हणता येत नाही, म्हणजे त्या घरात परत एकदा. कुणाकडे नवं बाळ, कुणाची आई आजारी, तिथे डोकावल्याशिवाय पुढे गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पेट्या भरतात त्या पॅकहाऊसच्या दारात बूट काढून तिथल्या रबरी चपला घालायच्या. दुपारचा डबा कुणाच्या तरी पडवीत. मोजता मोजता पंधरा झाले.

"आन आत किती वेळ बसता?"

"दहाएक मिनिटं."

"म्हंजी अडीच तास तुमी अनवाणीच असता की," मावशी म्हणाल्या. "ओल्या ओट्यावर पाय, मग गार फरशी, मग तोच ओला मोजा बुटात. बूट काय करंल बिचारा?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. डिसेंबरातली शहाबादी फरशी म्हणजे काय असते, हे मला सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं मी बाहेरची थंडी मोजत होते. घरात शिरताना पायातलं काढणं आपण करतो, हेच मुळी आपल्या ध्यानात नसतं. कुणी विचारलं असतं की दिवसभर काय केलंत, तर मी बागा सांगितल्या असत्या, चहा सांगितले असते, उंबरठे सांगितलेच नसते. शेतीचं शिक्षण घेतलेली मी, मातीतला ओलावा हातानं सांगणारी, आणि माझ्या पायांचं गणित या बाईनं एका मोज्यावरून मांडलं. मला त्यांचा हेवा वाटला.

मावशींनी तेव्हा माप घेतलं नाही. "सकाळचा पाय खोटा असतो. दिवसभर फिरून, काम करून दिवेलागणीला या." दुसऱ्या दिवशी बागांवरून थेट गेले. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिल पायाभोवती फिरवली. मग एकेका पायावर उभं केलं, कारण सगळा भार आला की पाय पसरतो. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा निघाला. सत्तेचाळीस वर्षं मला हे ठाऊक नव्हतं.

त्यांच्या डोक्यात होतं ते असं. एकात एक बसणारे दोन बूट. आतला मऊ, नुसता लोकरीचा, घरात पायात राहणारा. बाहेरचा चामड्याचा, ओट्यावर निघणारा. मी लगेच म्हणाले की आतलाही मऊ चामड्याचा करा, टिकेल तरी. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"चामडं घालून कोणाच्या घरात जाणार तुमी? देवघराशेजारनं? म्हातारी माणसं असतात घरात. घोंगडीचा करू. घोंगडीला कोणी नाय म्हणत नाय, ती तर देवाला बी चालती."

माहेराहून आणलेली घोंगडी त्यांच्याकडे होती, काळी, जुनी, धुऊन धुऊन नरम पडलेली, तरी पाणी चटकन आत न घेणारी. आतून फ्लॅनेलचं अस्तर लावायचं, म्हणजे टोचणार नाही, असं ठरलं. मग माझी हौस उफाळून आली. मी म्हणाले, "मावशी, वरच्या बुटाला काठ लावता येईल का? माझ्याकडे येवल्याच्या एका पैठणीचा तुकडा आहे, विरलेल्या पदराचा. काय दिसेल."

"पैठणी पायात?" एवढंच बोलून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आठवड्यानं बूट तयार झाले. मी ते हातात घेऊन उलटसुलट बघितले. गडद तपकिरी, घोट्यापर्यंतचे, दोन्ही बाजूंना ताणली जाणारी रबरी पट्टी, पुढचं टोक निमुळतं पण बोटांना जागा ठेवून. पैठणीच्या जागी कडेनं विटकरी दोऱ्याची एक ओळ घातली होती, टाके इतके सारखे की मशीनचे वाटावेत. मशीन त्यांच्याकडे नव्हतं. आरी आणि सुई, बस. मी एवढ्या दुकानांतून फिरले, पण इतका देखणा बूट मला कुठे दिसला नव्हता, आणि तो माझ्या पायासाठी केलेला होता. मी घालून आरशात बघायला लागले, तर मावशी म्हणाल्या, "आरसा नंतर. त्या पायरीवर चला."

दुकानाच्या पायरीवर त्यांनी मला बूट काढायला लावले. हात न लावता. घाला, दोन पावलं चाला, काढा. परत. बोळातली माणसं बघत होती, एक चहावाला तर थांबलाच. मला कानकोंडं झालं होतं. सातव्या वेळी उजवा बूट टाचेला अडकला आणि मी नकळत वाकून बोटानं ढकलला.

"हात लागला," मावशी म्हणाल्या. "ठेवून जा. चार दिसांनी या."

मी म्हणाले, "अहो मावशी, एवढंसं तर आहे."

"पंधरा वेळा वाकला की तुमी घाई करनार. घाई केली की आतला बी निघून येनार. मग फरशी हायेच."

एवढे सुंदर टाके त्यांनी माझ्यासमोर चामडं कापायच्या रापीनं उसवले, हात जराही न थांबता. माझाच जीव कळवळला. चार दिवसांनी गेले तेव्हा त्याच पायरीवर मी वीस वेळा बूट काढले, आणि वीस वेळा ते हाताशिवाय निघाले. मावशी तोवर दुसऱ्या कुणाच्या चपलेला अंगठा लावत होत्या. त्यांनी वर बघून मान हलवली, एवढंच त्यांचं कौतुक.

डिसेंबर संपत आला होता. साहेब म्हणाले, "मी तुमच्याबरोबर येतो एक दिवस. एकदा बघू, मग ठरवू." म्हणजे परीक्षा होती. मी आदल्या दिवशी बूट पुसून ठेवले आणि सकाळी वेळेआधीच गाडीत जाऊन बसले.

पहिल्या दोन बागा नीट गेल्या. तिथे आम्ही वही बागेतच बघितली. तिसऱ्या बागेत मालक म्हणाले, "मॅडम, घरी चला, चहा झालाय." ओटा नुकताच धुतलेला, ओला. मी पायांनीच बूट सोडले आणि काळ्या घोंगडीच्या पायांनी उंबरठ्यापाशी आले. दारात मालकांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, त्या घरातच काय, आसपासच्या घरांतही तिचा शब्द चालायचा. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि काठी आडवी धरली.

"पायातलं काढ की गं."

साहेब मागे उभे होते. या घरानं नाही म्हटलं तर पुढची सगळी घरं नाहीच म्हणणार, आणि मी परत फरशीवर. मी पाय थोडा पुढे केला. आजींनी वाकून हात लावला, दोन बोटांत ती लोकर चोळली.

"घोंगडी हाय व्हय," त्या म्हणाल्या, आणि काठी बाजूला घेतली. "आमच्या म्हाताऱ्याची अशीच व्हती. बस आत."

मी आत जाऊन फरशीवर मांडी घातली. मालकांनी वही दिली, मी फवारण्या वाचायला लागले, एका औषधाची तारीख काढणीच्या फार जवळची वाटली म्हणून विचारलं, त्यांनी बिल आणून दाखवलं, मी सही केली, चहा अर्धा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेब अजून आत आलेले नाहीत. ते ओट्यावर वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होते. गाठ बसली होती. शेवटी आले ते पातळ मोज्यांवर, मोजे ओट्याच्या पाण्यानं भिजलेले. दोन पावलं टाकली आणि मधेच उभे राहिले, एक पाय दुसऱ्यावर ठेवून.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "फरशी भलतीच गार आहे हो."

"हो," मी म्हणाले. "रोज पंधरा उंबरठे असतात."

ते बसले, पाय अंगाखाली घेतले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. माझ्या पायांकडे बघितलं. मग विचारलं, "दोन वर्षं तुम्ही हे अशा फरशीवर करत होता?"

मी मान हलवली. मला वाटलं होतं की हा प्रश्न आला की मी तावातावानं बोलेन, पण तसं काही झालं नाही. मालकांच्या समोर रडायचं नव्हतं म्हणून वही मिटून परत दिली. साहेबांनी खिशातून बागांची यादी काढली, जी वाटून द्यायला आणली होती ती, आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

"ही तुमचीच," ते म्हणाले. "चला, पुढची बाग कुठली आहे?"