गोचिडीचा रिपोर्ट

“पॉझिटिव्ह आला ना? मी म्हटलंच होतं!”

अमेरिकेतून मला फोन करणाऱ्या त्या मुलाला इतका आनंद झाला होता, की वाटावं, आई बोर्डात पहिली आली. आईला लाईम डिसीज झाला होता. म्हणजे माझ्या लॅबमधून गेलेल्या रिपोर्टप्रमाणे झाला होता.

आई म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या शकुंतलाबाई. वय पन्नाशीचं, घरी तीन म्हशी. चार महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं सुजलेली, धार काढता येईना. मुलाने इंटरनेटवर वाचलं, की गोचीड चावल्याने लाईम होतो आणि सांधे सुजतात. गोठ्यात गोचिडी भरपूर. झालं निदान! त्याने गावच्या डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि बाई नाशिकला माझ्या लॅबमध्ये आल्या. रक्त टेक्निशियनने घेतलं. मी आत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. ही टेस्ट आमच्याकडे होत नसे, म्हणून सॅम्पल मुंबईला पाठवलं.

ही टेस्ट जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटीबॉडी शोधते. गल्लीत पोलीस दिसला म्हणून चोर आला असं समजायचं, तसं. पोलीस दुसऱ्याच कामाला आलेला असू शकतो. म्हणून पॉझिटिव्ह आली तर दुसरी, जास्त नेमकी टेस्ट करायची असते. शिवाय आपल्याकडे लाईम जवळजवळ दिसत नाही, तो पसरवणारी गोचीडही वेगळी. जिथे आजारच नाही, तिथले बहुतेक पॉझिटिव्ह खोटे निघतात.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं.

पण प्रत्येक रिपोर्टखाली मारायचा आमचा एक शिक्का असतो, ‘कोरिलेट क्लिनिकली’. अर्थ असा, की हा निकाल पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा. खरा अर्थ, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मीही शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि मोकळी झाले. गावच्या डॉक्टरांनी निकाल मुलाच्या फोनशी ताडला आणि चार आठवडे रोज सलाईनमधून इंजेक्शन दिलं.

दोनेक महिन्यांनी बाई परत आल्या. योगायोगाने मी काउंटरपाशीच उभी होते.

“मॅडम, इंजेक्शनं झाली सगळी. आता निगेटिव्ह झालं का तेवढं बघा.”

पिशवीची गाठ त्यांना सुटत नव्हती. मी त्यांचे हात हातात घेतले. दोन्हीकडची तीच बोटं, तेच सांधे सुजलेले. उजव्या हाताची दोन बोटं वाकायला लागली होती.

“सकाळी आखडतात?”

“लय. उन्हं वर येईस्तोवर मूठ वळत नाय. म्हशी इकायच्या म्हणत्यात हे.”

थर्ड इयरच्या विद्यार्थ्यालाही ओळखता यावा असा संधिवात होता तो, रुमेटॉइड आर्थ्रायटिस. तिथेच रक्त घेतलं. काचपट्टीवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात किटमधल्या दुधाळ द्रवाचा एक थेंब. दोन मिनिटांत दूध फाटल्यासारखे दाणे दिसले, म्हणजे संधिवातच. या संधिवातात रक्तात तयार होणारा घटकच लाईमच्या टेस्टला फसवतो. आणि या तपासणीचा किट पहिल्या दिवसापासून माझ्या फ्रिजमध्ये होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाईमची ती दुसरी, नेमकी टेस्टही मुंबईहून करून घेतली. निगेटिव्ह. मुलाला फोन केला.

“पण मॅडम, तो पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह होता!”

“रिपोर्ट बरोबर होता. आजार चुकला.”

“मग चार आठवड्यांच्या इंजेक्शनांचं काय?”

“ती फुकट गेली,” मी म्हणाले आणि त्याला सांध्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

सांध्यांच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत सूज उतरली. म्हशी गोठ्यातच राहिल्या. वाकडी झालेली दोन बोटं मात्र सरळ झाली नाहीत. पुढच्या तपासणीला बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, “पोरगं म्हणतं, कागद बरोबर होता. मंग बोटं वाकडी कशी राह्यली?”

मी त्यांना अँटीबॉडी, खोटं पॉझिटिव्ह, दुसरी टेस्ट असं सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजे माझा हात बघायचा राह्यला,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

तेव्हापासून सांध्यांची कुठलीही टेस्ट आली, की मी आधी बाहेर येऊन पेशंटचे हात बघते. त्यामुळे रिपोर्टला उशीर होतो. लोक कुरकुर करतात.