पुंजारामचं दचकणं

महेबूब पिंजाऱ्याने पुंजारामला पहिल्यांदा पाहिलं ते हवेत. साल तीसचं. गंगेवरच्या भाजीबाजारात महेबूब सहज मागून "रामराम, पाव्हणं" म्हणाला, आणि पुढ्यातला वांगीवाला बसल्या जागेवरून असा उडाला की पागोटं एकीकडे, तराजू दुसरीकडे आणि तो स्वतः शेजारच्या साळूबाईच्या मेथीत. साळूबाई शपथेवर सांगायची की वर गेल्यावर त्याने सुंदरनारायणाच्या कळसाला हात लावला आणि पाया पडूनच खाली आला.

बाजाराला देव पावला. सिनेमाला तिकीट पडायचं, पुंजाराम फुकट होता. रोज मखमलाबादहून वांगी घेऊन यायचा आणि दिवसातून वीस वेळा उडवला जायचा. कुणी मागे डबा आपटी, कुणी पाटीत ओली दोरी टाकून "साप, साप!" ओरडे. महेबूब या कलेतला उस्ताद. कापूस पिंजायची धनुकली त्याच्या कानामागे नेऊन अशी छेडायचा की उडी मारताना पुंजारामच्या तोंडून आईचं नाव निघे. मग पुंजारामही सगळ्यांबरोबर हसायचा. दुसरं काय करणार?

सहा वर्षांत त्याची काडी झाली. जेवण जाईना, झोप लागेना, कुणी जवळ नसतानाही छाती धडधडे. महेबूबच त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन गाठी असतात. भीती वाटली की त्या रक्तात रस सोडतात, म्हणजे माणूस पळायला तयार होतो. याच्या गाठींना तुम्ही लोकांनी सहा वर्षं सुटीच दिली नाही. मला वाटतं, त्या रसाने आता मेंदूच बिथरलाय. वाघ नसला तरी आत निरोप वाघाचाच जातो. याला कुणी दचकवू नका. नाहीतर याचा बाजार सुटेल."

महेबूबने मान खाली घातली. बाजारही शरमला, आणि शरमलेला बाजार फार भयंकर. साळूबाईने फर्मान काढलं, "पुंजाबाजवळ कुणी आवाज करायचा नाय, मुडद्यांनो!" माणसं वहाणा हातात घेऊन चालू लागली. आता पुंजारामने मान वर केली की शेजारी अचानक माणूस! वीस वेळा उडणारा साठ वेळा उडू लागला. त्यात आता कुणी हसतही नसे. सगळे कळवळून पाहत.

शेवटी तो महेबूबच्या दुकानात आला. "महेबूबभाई, एक डाव वाजव ती धनुकली."

"तोबा! डाक्टर काय बोलले, ऐकलं ना?"

"डाक्टरला काय जातंय? आधी तू वाजवायचा, मी उडायचो, संपलं. आता समदे गप हायेत. कवा व्हईल, कोन करील, हेच दिसभर बघत बसतो. लय झाली तुमची दया. वाजव."

महेबूबने तार छेडली. पुंजाराम हातभर उडाला, खाली बसला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली.

मग ठरूनच गेलं. रोज सकाळी एकदा, सांगून, आणि महेबूबनेच. बाकीच्यांनी वहाणा घालून, खाकरत यायचं. दीड महिन्यात अंगावर मूठभर मांस चढलं. "मेल्या, नवरदेव दिसायला लागलास," साळूबाई म्हणाली.

तेवढ्यात महेबूब भाचीच्या लग्नाला मालेगावला गेला. पाच दिवसांत येतो म्हणाला आणि अकरा दिवस राहिला, कारण बिर्याणी चांगली होती. पुंजाराम रोज सकाळी पाठ फिरवून, खांदे कानापर्यंत चढवून वाट पाहत बसे. दहाव्या दिवशी साळूबाईला राहवलं नाही. तिने दयेपोटी, न सांगता, मागून डबा वाजवला. पुंजाराम वांगी तिथेच टाकून थेट मखमलाबादपर्यंत पळत गेला.

महेबूब परतला तसा पुंजारामच्या घरी गेला. कडी आतून होती.

"पुंजाबा, मी महेबूब."

"वळखलं," आतून आवाज आला. "म्हनूनच उघडत नाय."

पुंजाराम पुन्हा बाजारात आला नाही. वांगी त्याची बायको नवसाबाई आणू लागली. एकोणचाळीस साली तो हिवतापाने वारला.