घेवड्यातली साखर

हवानाच्या ला व्हिबोरा वस्तीतल्या बायका म्हणायच्या, नेरेइदा किंतेरोकडे कपडा शिवायला द्यावा, भांडण मिटवायला देऊ नये. तरुणपणी ती नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवण करायची. राण्यांचे झगे आणि हमालांचे सदरे एकाच मशीनवर. लग्न केलं नाही. आई गेल्यावर धाकटा भाऊ एवेलियो तिच्या वाट्याला आला आणि त्याच्याबरोबर त्याची फेफरी. एवेलियो पियानो सुरात लावायचा. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या की तो चारचौघांसारखा असे, किंबहुना चारचौघांपेक्षा बरा, कारण तो कधी चिडत नसे.

चिडण्याचं काम नेरेइदाकडे होतं आणि ते ती कट्ट्यावर करी.

हा कट्टा दगडामातीचा नव्हता. हवानातल्या पोरांनी गच्च्यांवरून तारा ओढून घरोघरचे संगणक एकमेकांना जोडले होते. बाहेरच्या जगाशी त्या जाळ्याचा संबंध नव्हता. शहरातली माणसं शहरातल्याच माणसांशी बोलत. भाचा देश सोडून गेला तेव्हा त्याचा संगणक नेरेइदाकडे राहिला आणि शेजारच्या मायकेलने आपल्या गच्चीवरून तार टाकून दिली. कट्ट्यावर तिने नाव घेतलं ‘सुई’.

तिचा ठरलेला वैरी म्हणजे ‘कप्तान’, खाडीपलीकडच्या रेग्लातला बोटीवरून निवृत्त झालेला कोणी. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. वाद एकच. काळा घेवडा शिजत आला की त्यात साखर घालावी की नाही? सुई म्हणे घालावी. कप्तान म्हणे, मग त्याला घेवडा कशाला म्हणता, खीर म्हणा. हे वर्षानुवर्षं चाले आणि माणसं कोंबड्यांची झुंज बघावी तशी बघत.

त्या वर्षी औषधाच्या दुकानातून एवेलियोच्या गोळ्या नाहीशा झाल्या.

“आल्या नाहीत, राणी,” दुकानातली बाई म्हणाली. “कधी येतील ते मला विचारू नकोस. मलाच कोणी सांगत नाही.”

नेरेइदा शहरभर फिरली. मग कापड कापायच्या कात्रीने ती गोळीचे दोन तुकडे करू लागली, पुढे चार. मेजाच्या कोपऱ्यांना तिने चिंध्या बांधल्या. एवेलियो ते बघत होता.

“मी पडायला लागलो तर डावीकडे ढकल, ताई. उजवीकडे तुझी मशीन आहे.”

तिला हसू आलं नाही.

तिने कट्ट्यावर विषय उघडला: ‘भावाला फेफऱ्याच्या गोळ्या हव्यात. कोणाकडे उरल्या असतील तर सांगा. बदल्यात शिवण करून देईन.’ खाली गोळीचं नाव लिहिलं. पहिला जवाब आला: ‘गोळ्या का मिळत नाहीत, तेही लिहा की. की भीती वाटते?’ दुसरा आला: ‘तुला वाटत नसेल तर आधी स्वतःचं खरं नाव लिही.’

कट्ट्याची राखण मायकेलकडे होती. तो गच्चीवरून वाकला.

“नेरेइदा मावशी, ते दोन्ही जवाब मी पुसलेत. आणखी एक तसा आला तर विषयाला कुलूप लावावं लागेल.”

“मी काही बोलले का त्यात?”

“तुम्ही नाही बोललात. पण इथे राजकारण शिरलं तर सगळ्यांच्याच तारा जातील. राजकारण नाही, धर्म नाही, एवढ्यावर तर हे चाललंय.”

मग कोणीच बोललं नाही. हे जास्त वाईट होतं. ज्या विषयात कोणी बोलेल तो वर येई, न बोलतील तो खाली जाई, आणि पहिल्या पानावरून घसरला की मेल्यात जमा. आपणच आपला विषय ढकलायलाही मनाई होती. दुपारपर्यंत नेरेइदाच्या गोळ्यांच्या वर बेसबॉल होता, विकायचा पंखा होता, हरवलेलं मांजर होतं. तिला त्या मांजराचा मत्सर वाटला.

राजकारणाने कुलूप, गप्प राहिलं तर बुडणार. भांडणाशिवाय काही उरलं नव्हतं. ती कप्तानाच्या मासेमारीच्या विषयात गेली आणि लिहिलं, ‘मासे पुरेत. हिंमत असेल तर माझ्या गोळ्यांच्या विषयात या आणि साखरेबद्दल बोला.’

तो आला. ‘सुईबाई, इथे आजाऱ्याची गोष्ट चाललीय आणि तुम्हाला खीर सुचते?’

‘तुमचा घेवडा खाऊनच माणसं आजारी पडतात,’ तिने ठोकलं.

गर्दी जमली. कोणी साखरेच्या बाजूचा, कोणी विरुद्ध, एक जण म्हणे व्हिनेगर घाला आणि दोन्हीकडून मार खाऊन गेला. प्रत्येक जवाबासरशी गोळीचं नाव वर येत होतं. नेरेइदाची बोटं थांबेनात. शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं, मशीन भरधाव असली की बोट सुईखाली जातं. ‘तुमच्या हातचं जेवून बायको कधीच पळाली असेल,’ तिने लिहिलं.

कप्तान गप्प झाला.

थोड्या वेळाने कोणीतरी लिहिलं, ‘सुई, त्यांची बायको मेर्सेदेस गेल्या उन्हाळ्यात वारली.’ त्यानंतर एकही माणूस बोललं नाही. मांजर पुन्हा वर आलं.

नेरेइदा हात मांडीवर ठेवून बसली. माफी मागायची तर कुठे? विषयात मागितली तर विषय वर येणार होता. मेलेल्या बाईच्या नावाने आपल्या गोळ्या पुढे सरकणार होत्या. आतल्या खोलीत एवेलियो पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून बघत होता. इथेच माग, ती स्वतःशी म्हणाली, भाऊ तुझा आहे. मग तिने विषय सोडला आणि फक्त कप्तानालाच दिसेल असं लिहिलं: ‘मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलले हीच चूक. क्षमा करा.’ विषय पहिल्या पानाच्या तळाला आला होता. तिने तो तसाच जाऊ दिला.

आतला सूर थांबला.

एवेलियो पियानोच्या डावीकडे पडला होता. तिने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला आणि फरशीवर आपटत राहिलेली त्याची टाच ऐकत बसली. या वेळी टाच लवकर थांबेना. मायकेलची आई धावत आली, दुसऱ्या बाजूला बसली आणि जपमाळ ओढू लागली.

तो झोपी गेल्यावर नेरेइदा पुढच्या गोळीसाठी मशीनवरची कात्री उचलायला बाहेरच्या खोलीत आली. संगणक चालूच होता. गोळ्यांचा विषय सगळ्यांत वर होता.

‘साखर नाही,’ कप्तानाने लिहिलं होतं. ‘काल नाही, आज नाही. आणि भांडायच्या आधी वरचं गोळीचं नाव वाचा, मेल्यांनो.’ त्याखाली भांडण गाडाभर वाढलं होतं. तिच्यासाठी वेगळी एक ओळ होती: ‘मेर्सेदेस साखर घालायची. घरात आता भांडायला कोणी नाही. तुम्ही थांबू नका.’

भांडणाच्या मध्येच एका अनोळखी नावाचा जवाब होता. रेग्लाला लागून असलेल्या ग्वानाबाकोआची बाई होती, तिने कट्ट्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. ‘मी नुसती तुमची भांडणं वाचते. सासऱ्यांच्या गोळ्या उरल्यात. ते गेले. तारीख उलटलीय. चालतील का?’

‘चालतील,’ नेरेइदाने लिहिलं. तिच्या आधीच कप्तानाने लिहिलं होतं, ‘मी जवळ आहे, आणतो. सुईबाई, रेग्लाहून येणाऱ्या होडीपाशी या.’

एवेलियोजवळ मायकेलच्या आईला बसवून ती धक्क्यावर गेली. होडी येई, माणसं उतरत, ती प्रत्येक म्हाताऱ्याच्या हाताकडे बघे. सायकली उतरल्या, एक बाई केक घेऊन उतरली. होडी परत गेली. ती उन्हात उभी राहिली आणि घरी काय चाललं असेल याचा विचार न करण्याचा प्रयत्न करत राहिली.

पुढच्या होडीतून एक बुटका, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस उतरला. हातात वर्तमानपत्राची पुडी होती. सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने, पुरुषी हाताने लावलेलं होतं.

“सुई?”

“हो.”

तिने पुडी तिथेच उघडली. पाकिटातले अर्धे कप्पे रिकामे होते.

“पुरतील?” त्याने विचारलं.

“थोडे दिवस.”

“आणि मग?”

पुडी तिने पदराआड घ्यावी तशी छातीशी धरली होती. म्हातारा खाडीकडे बघत राहिला, मग घसा खाकरून म्हणाला, “भातात मीठ मी शेवटी घालतो. आधी घालणारा गाढव.”

नेरेइदाचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं.

“इथे नको, कप्तान,” ती म्हणाली. “कट्ट्यावर, गोळ्यांच्या विषयात बोला.”