वेलानं ठरवलेली उंची

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उतरण. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विड्याच्या पानाचा वेल शेवरीच्या झाडावर चढवतात. तो लांबला की खाली उतरवायचा, खालचा उघडा दांडा वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. त्या सकाळी ती वेल धरून उभी होती अन् मी केळीच्या सोपटानं, म्हणजे वाळक्या सालीनं, बांधत होतो. माझी गाठ सैल बसली.

"वेल बांधायलात का लुगडं वाळू घालायलात?"

"तू नीट धर. हलून राहिलीस."

"मी कुठं हलते? तुमचे हात हलतेत. सरका तिकडं."

तिनं गाठ सोडली अन् स्वतः बांधली. दोन ओळी झाल्या. ऊन चढलं तसं आम्ही छपरात येऊन भाकरी खाल्ली. "जरा पडते," म्हणून ती बाजेवर आडवी झाली. मी मोटर बघून आलो तवर ती गेली होती. तोंडावर पदर होता, माश्या बसू नयेत म्हणून तिनंच घेतलेला. त्या दुपारचं मला यापुढं लिहायचं नाही.

लिहायचंय ते मळ्याचं. गावातले लोक माझा मळा म्हणतात. तो तिचा आहे, हे कुठंतरी लिहिलेलं असावं.

मी तिसरी शिकलो. ती सातवी, अन् माहेर लातूरकडचं. आमचं गाव नांदेडच्या अंगाला, विष्णुपुरी धरणाचं पाणी कालव्यानं येतं. त्यामुळं मी तिला हमेशा चिडवायचो, की लातूरच्या लोकांना पाण्याचं काय कळतं, रांजणात दिसलं की नमस्कार करणारी माणसं. ती म्हणायची, "ज्याच्याकडं न्हाई त्यालाच कळतं. तुमच्याकडं हाय म्हणून तुम्ही म्हशीसारखे पडलात त्यात."

आमच्यात पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. बाईनंही जायचं नसतं. बाई आत गेली की वेल मरतो, असं माझा बाप सांगायचा. म्हणून लग्न झाल्यापासून ती माझी भाकरी घेऊन कुडाच्या दारापर्यंत यायची अन् बाहेरच बसायची. मी आत, ती बाहेर. इतकी वर्षं. यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खरं तेच सांगतो.

आमचा मळा एकेकाळी असा होता की उन्हाळ्यातही पहाटे आत शिरलं की अंगावर काटा यायचा. बाहेर ऊन रापवून टाकायचं अन् आत वेगळाच मुलूख. मग उन्हाळे बदलले. दिवसाचं ऊन आम्हाला नवं नव्हतं, पण रात्रीही गार होईना. पानांच्या कडा करपल्या. पश्चिमेकडच्या ओळी पिवळ्या पडल्या. मी काय केलं? तापलंय तर गार करू म्हणून पाणी वाढवलं. मुळ्या कुजल्या अन् उरलेले वेलही गेले. मग मेलेल्या जागी नवा वेल लावला. तो मेला. त्याच जागी पुन्हा लावला. तीन वर्षं मी हाच धंदा केला. बापाच्या वेळी जिथं वेल होता तिथं तो आलाच पाहिजे, हे डोक्यातून जाईना.

एक दिवस ती कुडाबाहेर भाकरी सोडत म्हणाली, "बाई आत गेली की वेल मरतेत म्हणता. मी तर आले न्हाई. मग हे कशानं मेले?"

मी रागानं म्हणालो, "मोठी शहाणी हायेस तर ये आत."

तिनं चपला काढल्या अन् आली.

मला वाटलं, बाई आता खत सांगेल, फवारा सांगेल. तिनं माझं जुनं धोतर मागितलं. त्याच्या चिंध्या केल्या, पाण्यात बुडवून पिळल्या अन् मळ्यात ठिकठिकाणी बांधल्या. पश्चिमेला, मधे, पूर्वेच्या कोपऱ्यात. एकाच झाडाला एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छातीशी, एक शिडी लावून वर. सकाळी ओल्या बांधायच्या अन् मग दिवसभर फिरून एकेक गालाला लावून बघायची. महिनाभर हेच.

"मळ्याला नवस बोललीस का?" मी म्हणालो.

"तुमची नजर लागू नये म्हणून बांधून राहिले."

महिन्यानं तिनं मला हाताला धरून फिरवलं. पश्चिमेची चिंधी न्याहारीआधीच खडखडीत. पूर्वेच्या कोपऱ्यातली दुपार कलली तरी ओलसर. अन् प्रत्येक झाडावर माणसाच्या डोक्यापर्यंत ओल टिकायची, त्याच्या वर टिकत नव्हती. "ओल गेली न्हाई," ती म्हणाली. "तिनं जागा बदलली. अन् तुम्ही तिच्या जुन्या घरी जाऊन दार वाजवून राहिलात."

मी चाळीस वर्षं मळ्यात काढली होती. मला हे दिसलं नव्हतं. तिनं बाहेर बसून चाळीस वर्षं बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तिला रेडिओ ऐकायची सवय होती. त्यावर एकदा कुणी जाणकार बोलला की आज सगळा धूर बंद केला तरी जग लगेच पहिल्यासारखं होणार नाही. समुद्रानं पोटात ऊब घेतलीय, ती बरीच वर्षं वागवत राहणार. सगळं हळूहळू एका नव्या जागी जाऊन बसेल. मी म्हणालो, हे काय समजलं नाही बुवा. ती तेव्हा भाकरी करत होती.

"चुलीत एक लाकूड जास्त घातलं तर तवा काय करतो?"

"तापतो."

"तापतच राहतो का? वितळून जातो का? न्हाई. तापता तापता एका जागी थांबतो. खालून जेवढी आच येती तेवढीच वरून बाहेर जायला लागली की थांबला. पण पहिल्या जागी न्हाई थांबत, वरच्या जागी थांबतो. तिथं पहिल्यासारखी भाकरी टाकून बसलात तर करपणारच. हात बदलावा लागतो."

"मग बरंच हाय की. थांबतो तर."

"तवा थांबतो ओ. भाकरी वाचलीच पाहिजे असं त्याला काय पडलंय? मधल्या वेळात काय काय जळंल ते कोण सांगावं. अन् लाकडं घालायची थांबली न्हाईत तर त्योबी पुढंच सरकणार."

मी असा विचार करणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. अन् ती माझ्यासमोर पीठ मळत बसलेली होती.

आमचा मुलगा तेव्हा मळा मोडून हळद लावायच्या मागं होता. त्याचंही चुकत नव्हतं, त्याला लेकरं आहेत. त्याला ती म्हणाली, "तीन उन्हाळे दे मला. मग ट्रॅक्टर आण, काहीबी लाव. मी आडवी यायची न्हाई." त्यानं हो म्हटलं.

पहिला उन्हाळा फार वाईट गेला. पश्चिमेच्या ओळी तिनं मरू दिल्या. वाळलेले वेल काढू दिले नाहीत, पडलेला पाला झाडू दिला नाही, गवत उपटू दिलं नाही. माझा बाप मळा घराच्या ओसरीसारखा लख्ख ठेवायचा. लोक हसायला लागले. पाणीसुद्धा तिनं तोडलं. माती नुसती भिजली की बारं, म्हणजे ओळीत पाणी सोडायचं तोंड, बंद. मला राहवेना. ती बाजाराला गेली तेव्हा मी पश्चिमेला गुपचूप दहा वेल लावले. तिनं आल्या आल्या बघितले. भांडली नाही. प्रत्येक वेलाशेजारी एक ओली चिंधी बांधली अन् मला म्हणाली, "चहा ठेवते, तवर बघा." चहा होईस्तोवर दहाही चिंध्या वाळल्या. वेल महिन्याभरात गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात काहीतरी व्हायला लागलं. मेलेल्या ओळींत पांगारा आपोआप उगवला अन् पश्चिमेचं ऊन त्यानं अडवलं. पाल्याखाली माती काळी झाली, गांडूळ आलं, बेडूक आले. कोळ्यांनी जाळी विणली. अन् वेल! वेलांनी वर चढायचंच सोडलं. शेंडा माणसाच्या डोक्यापाशी यायचा, तिथं वळायचा अन् पसरायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. जिथवर ओल होती तिथवरच त्यानं आपली उंची ठरवली. पान लहान झालं, पण जाड अन् तिखट. आमची पानं घेणाऱ्या नांदेडच्या बागवानानं एक पान चावलं, डोळे पुसले अन् म्हणाला, "काका, ये पान नहीं, मिर्ची है. पर टिकता है." पुढच्या हप्त्याला त्यानं जास्त मागितलं.

पुन्हा पहिल्यासारखा मळा झाला असं मात्र समजू नका. तो अर्धा झालाय. बापानं बघितला असता तर ओळखला नसता. पहाटेचा तो काटा अंगावर आता येत नाही, अन् कधी येणार नाही. माझी त्याबद्दल तक्रार होती, तिची नव्हती. ती गेलेल्याचा हिशेब करतच नव्हती. काय उरलंय अन् ते कसं उभं राहिलंय, एवढंच बघायची, अन् मळ्याचं तोंड भरून कौतुक करायची, जसं काही तिनं यात काही केलंच नाही.

यंदाचा तिसरा उन्हाळा. ओल गेल्या वर्षी जिथं होती तिथंच, एक हातसुद्धा सरकली नाही. चैत्रात मी विचारलं, "बसलं का गं?"

"बसून राहिलंय. वैशाख जाऊ द्या. आत्ताच डंका पिटू नका."

वैशाख लागला अन् ती गेली.

दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी सगळं उरकलं. अंगणात भावकी बसली होती. सुतक म्हणजे दहा दिवस कुणीही पानमळ्यात पाय ठेवायचा नाही, हेही आमच्यात पक्कं आहे, अन् आजूबाजूचे सगळे भावकीतलेच, सगळ्यांनाच सुतक. पाणी कोण देणार? या उन्हात दहा दिवस म्हणजे मळा संपला. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "जाऊ दे आता. माणूस गेलं तिथं वेलाचं काय घेऊन बसला?" मुलगा हळूच म्हणाला, "आबा, तसंबी यंदा काढायचाच होता." त्यानं ते वाईट मनानं म्हटलं नाही. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता.



दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना उठलो. पाहुणे निजलेले होते. पायरी उतरलो तर मुलगा मागून आला.

"आबा, कुठं निघालात?"

"पाणी द्यायला."

"सुतक हाय ना आपल्याला."

"मला हाय. वेलाला न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुझ्या मायनं तीन उन्हाळे मागितलेत. तिसरा अजून सरला न्हाई."

त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला. मग म्हणाला, "थांबा. मोटर मी लावतो."

मी मळ्यात गेलो. पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एकेक बारं फोडायचं, माती नुसती भिजली की बुजवायचं. जुन्या सवयीनं एका ओळीत जास्त पाणी गेलं, ते हातानं बांध घालून पुढच्या ओळीत काढलं. ऊन अंगावर यायच्या आत सगळ्या ओळी भिजल्या. मोटर बंद कर म्हणून मुलाला हाक मारली अन् हातपाय धुवून, भावकी बसली होती तिथं जाऊन बसलो.