बॅरिस्टरची घरपट्टी

गल्ली त्याला बॅरिस्टर म्हणायची, आणि कोर्टाची पायरी तर तो जन्मात चढला नव्हता. गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवून तो पेन्शनीत निघाला होता. पण भाजी आणायला निघाला तरी अंगात काळा कोट, आणि त्यावर सुरकुती शोधून दाखवा. पेन्शन मात्र अशी, की निम्मा महिना झाला की तिने हात वर केलेच.

नगरपालिकेने कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना अर्धी घरपट्टी माफ करायचं ठरवलं, तेव्हा स्वारी अर्ज द्यायला गेली तीही त्याच कोटात. खिडकीतला कारकून चक्क उठून उभा राहिला. "बसा ना साहेब." साहेब बसले आणि म्हणाले, "मला गरिबांची सवलत हवी आहे." कारकुनाला हसू आवरेना. तरी त्याने अर्ज घेतला, घर बघायला तपासनीस बाई येतील म्हणाला.

"अहो, हात पसरायला कुणी इतकं नटून जातं का?" बायकोने कपाळावर हात मारून घेतला. तिचा जीव टांगणीला लागला होता. यंदा सवलत नाही मिळाली तर घर विकून मुलाकडे जायचं ठरलं होतं. मुलगा चांगला होता हो. पण तिकडे यांच्या वाट्याला येणार होता हॉलमधला सोफा, तोही सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्यावर.

"बाई येतील तेव्हा फाटकं घाला," तिने बजावलं. आता फाटकं आणायचं कुठून? या माणसाच्या घरात पायपुसणंसुद्धा रफू केलेलं. शेवटी तिने त्याच्या हातात कात्री दिली, आणि त्याने डोळे मिटून कोटाचं कोपर कापलं. मग ती जरा दुकानात काय गेली, याचे हात शिवशिवायला लागले. ती परत येते तर कोपर नव्यासारखं. असला मूर्खपणा शिंपीच करू जाणे.

तपासनीस बाई आल्या, कोटाकडे बघितलं आणि त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं. "आजोबा, खऱ्या गरजूंची रांग लागली आहे. असला कोट आमच्या साहेबांकडेही नाही."

बायको मटकन खाली बसली. ते काही त्याला बघवेना. ज्या कोटाला तो बायकोलाही हात लावू द्यायचा नाही, तो त्याने काढला आणि उलटा करून टेबलावर पसरला. आत पिठाच्या पिशव्या, मोडक्या छत्रीचं कापड, उशीचा अभ्रा, आणि पाठीला निळी चादर.

"चांगलं कापड बाहेरून दिसेल तेवढंच परवडलं," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाईंनी अस्तरावरून हात फिरवला, टोपण काढलं आणि अर्ज मंजूर करून टाकला.

त्या गेल्या तरी बायको कोटाकडेच बघत होती. "ही माझी चादर," ती म्हणाली. काही वर्षांपूर्वी ती चादर दोरीवरून गायब झाली तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मैत्रिणीनेच नेली म्हणून तिने गल्लीभर बोंब ठोकली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला. आणि हा पठ्ठ्या तोंडात गुळणी धरून बसला होता.

"मला वाटलं, विसराल दोघी आज ना उद्या," तो पुटपुटला.

"घाला तो कोट. असाच, उलटा. आणि चला माझ्याबरोबर."

घर वाचलं होतं, आता हिचंही ऐकायला हवं. अंगावर पिठाच्या पिशव्या मिरवत बॅरिस्टर गल्लीतून निघाला. पेपर वाचणारे पेपर टाकून बघायला लागले, आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

मैत्रिणीने दार उघडलं. चादर तिने लगेच ओळखली, न ओळखायला काय झालं.

"माझं चुकलं गं," बायको कशीबशी म्हणाली.

"चुकलं ना? मग चादर इकडे दे," मैत्रीण म्हणाली. "इतकी वर्षं चोर ठरवलंस. आता माल तरी मिळू दे."

बॅरिस्टर तिच्या पायरीवर बसला, तिच्याकडून कात्री मागून घेतली आणि पाठीची शिवण उसवायला लागला.