पंचा टाकून धरलेली जागा

पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काम केलं. ‘भुताटकी’ हा शब्द बातमीत आला की मी तो अवतरणचिन्हांत टाकायचे, आणि पानावर जागा कमी असली तर बातमीच काढून टाकायचे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना डोक्यात तेच जुने प्रश्न चालू असतात – कोणी पाहिलं, किती वाजता, तिथे आणखी कोण होतं? आज स्वतःचा अनुभव लिहिताना ते प्रश्न आधी स्वतःला विचारले आहेत. जिथे उत्तर नाही, तिथे नाही असंच लिहिलंय.

आम्ही जर्मनीत आखनला राहतो. नवरा मंदार इथल्या विद्यापीठात इंजिनांच्या प्रयोगशाळेत काम करतो. मुलगी इरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. गेल्या ऑगस्टच्या शेवटी माझ्या सासूबाई – मीही त्यांना आईच म्हणते – पुण्याहून आमच्याकडे आल्या. बॅगेत एक फाइल होती. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन करायला हवं, प्रवासाला हरकत नाही पण फार लांबवू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आईंनी आल्या दिवशी ती फाइल कपाटावर टाकली, ती टाकलीच. विषय काढला की एकच वाक्य – “माझं आता काय राहिलंय!”

अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते पाटबंधारे खात्यात होते. सारख्या बदल्या, सारखे एसटीचे प्रवास. गाडी फलाटाला लागते न लागते तोच अण्णा धावत जायचे आणि खांद्यावरचा पंचा खिडकीतून सीटवर टाकायचे. रुमाल नाही, पंचाच. रुमाल वाऱ्याने उडतो, असं त्यांचं म्हणणं. मग मागे वळून आईंना ओरडून सांगायचे, “मी पुढे होतो, जागा धरतो. तू सावकाश ये.” निवृत्त झाल्यावरही पंचा खांद्यावर राहिला. इराने आजोबांना जास्त करून व्हिडिओ कॉलवरच पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तो पंचा दिसायचाच.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी आई आंघोळीसाठी घरी गेल्या होत्या. परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या हातात एक पिशवी आली – चष्मा, घड्याळ, कवळी. पंचा नव्हता. चादरींबरोबर धुण्यात गेला असेल. आई वॉर्डात दोनदा जाऊन विचारून आल्या. खूण सांगायच्या, “कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची फुली आहे. दोरा संपला म्हणून शेवटचे दोन टाके काळे घातलेत.” तो सापडला नाही.

ऑक्टोबरात इराच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी असते. आखनच्या पावसात आईंना कोंडून ठेवण्यापेक्षा कुठेतरी उन्हात जाऊ, असं मंदारने ठरवलं. शेंगन व्हिसावर मेक्सिकोत जाता येतं, हे कळल्यावर आम्ही तिथल्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं, पुएर्तो मोरेलोस गावाजवळचं एक हॉटेल घेतलं. दहा दिवस. आईंची बॅग मी भरली – यादी करून. यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात पंचा नाही.

हॉटेलात निम्मे पाहुणे जर्मन. किनाऱ्यावर झापांच्या छत्र्या, प्रत्येकीला नंबर आणि खाली पाच आरामखुर्च्या. खुर्च्या टॉवेल टाकून अडवू नयेत, असं तीन भाषांत लिहिलेलं. एरवी रिकाम्या रस्त्यावरही हिरवा सिग्नल होईपर्यंत थांबणारी ही माणसं उजाडताच टॉवेल टाकून जात होती. पहिल्याच सकाळी मंदारही हॉटेलचे चार निळे टॉवेल घेऊन गेला, चौदा नंबरच्या छत्रीखाली टाकून आला आणि नाश्त्याला म्हणाला, “झालो आपण पक्के जर्मन.”

“यात जर्मन काय आलं?” आई म्हणाल्या. “ह्यांनी जन्मभर दुसरं काय केलं?”

मंदार हसला. मग सहज बोलून गेला, “पाचव्या खुर्चीवर कोणीतरी पंचा टाकलाय. अगदी आपल्याकडचा वाटतो.”

आईंचे पाय प्रवासाने सुजले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही नाश्ता करून त्या खोलीत परतल्या, किनाऱ्यावर आल्या नाहीत. पाचव्या खुर्चीवर दिवसभर कोणी बसलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या माणसाने निळे टॉवेल गोळा केले, पंचा त्यांचा नाही म्हणून तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरसमोर समुद्रातल्या शेवाळाचा ढीग लागला होता. मंदारने शंभरेक मीटर पुढची बावीस नंबरची छत्री धरली. दहा वाजता आम्ही गेलो तेव्हा चार निळे टॉवेल होते, आणि पाचव्या खुर्चीवर पंचा. आमचा समजून कोणीतरी उचलून इकडे आणला असणार, हे माझं स्पष्टीकरण. मंदारला पटलं. मलाही जवळजवळ पटलं… पण आम्ही बावीसखाली आहोत, हे त्या कोणाला कसं कळलं, हा प्रश्न उरला होता.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. मंदार आणि इरा झोपलेले होते, पलीकडच्या खोलीत आई. एकतीस नंबरची छत्री निवडली. कोणाला सांगितली नव्हती. पाचही खुर्च्या रिकाम्या होत्या. चार टॉवेल टाकले, फोटो काढला – वेळ सहा बावन्न. कॉफी आणायला गेले, सात वाजून तीन मिनिटांनी परत आले. पाचव्या खुर्चीवर पंचा होता. डोक्याच्या बाजूला, नीट दुहेरी घडी घालून, एसटीच्या सीटवर टाकतात तसा आडवा.

जवळपास एकच माणूस होता – शेवाळ ओढणारा, पन्नाशीचा, हातात दाताळं. फोनवर स्पॅनिशमध्ये भाषांतर करून मी त्याला विचारलं, इथे कोण आलं होतं? कोणी नाही, म्हणाला. मग हे फडकं? त्याने खुर्च्यांकडे बोट करून मोजलं आणि पंजा दाखवला. पाच. पहिल्यापासून पाचच होते. तुम्ही पाच जण आहात ना?

मी फोटो उघडला. त्यात चार टॉवेल स्पष्ट दिसतात. पाचव्या खुर्चीचा फक्त पायाकडचा भाग आलाय. डोक्याची बाजू चौकटीबाहेर गेली आहे. ती रिकामी होती, हे मला आठवतं. पण आठवणीवर मी कोणाची बातमी छापली नसती.

मग मी पंच्याचे कोपरे उलटून पाहिले. चौथ्या कोपऱ्यात निळी फुली होती. शेवटचे दोन टाके काळे.

मी तो जसा होता तसा ठेवला. कोपऱ्याचा फोटो काढला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर हे कसं सुटलं, मला सांगता येत नाही.

नाश्त्याला आई यायच्या आत मंदारला सांगितलं.

“गेनाऊ – नेमकी तीच फुली?” त्याने विचारलं.

“तीच. काळ्या टाक्यांसकट.”

त्याने पपईची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “आईला किनाऱ्यावर आणायचं नाही.”

“का?”

“का म्हणून काय विचारतेस, मेधा? अण्णा जागा कोणासाठी धरायचे?”

तोपर्यंत मला फक्त कुतूहल होतं. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. कपाटावरची फाइल डोळ्यांसमोर आली. “आपण तो उचलून कुठेतरी ठेवून देऊ,” मी म्हटलं.

“हात लावू नकोस त्याला,” मंदार म्हणाला. हा माणूस दिवसभर इंजिनांची मापं घेतो. माझ्यासारखाच कशावर विश्वास न ठेवणारा.

ठरलं ते इतकंच, की आईंना काही बोलायचं नाही. पण इरा शेजारीच बसली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती आजीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “आजी, आजोबांचं टूख इस्ट दा. उंटन, आम श्ट्रांट.” फडकं आहे, खाली किनाऱ्यावर. जर्मन न येणाऱ्या आईंना त्यातलं हवं तेवढं कळलं.

दहा मिनिटांनी आई कठडा धरून जिना उतरत होत्या. मंदार पुढे धावला.

“आई, ऊन फार आहे. संध्याकाळी जाऊ ना.”

“बाजूला हो.”

“तुझे पाय –”

“पाय माझे आहेत. हो म्हटलं ना बाजूला!”

वाळूत त्या इराचा हात धरून चालल्या. त्या दिवशी टॉवेल मंदारने नऊ नंबरखाली टाकले होते, आणि पाचव्या खुर्चीवर त्याने स्वतःची बॅग ठेवली होती, मुद्दाम. बॅग तिथेच होती. बॅगेवर पंचा होता.

आईंनी पंचा उचलला. कोपरा न शोधता बोटांत आला. अंगठ्याने त्यांनी टाके चाचपले, चष्मा लावला नाही. नाकाशी नेऊन वास घेतला. “साबणाचा येतोय,” एवढंच म्हणाल्या. मग मंदारला बॅग काढायला लावली, पंचा पुन्हा पसरला आणि त्यावर बसल्या, समुद्राकडे तोंड करून.

आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर. इरा पाण्याशी खेळत होती. मी घड्याळ पाहत होते आणि आईंचा श्वास मोजत होते. मंदार दर पाच मिनिटांनी विचारायचा, “आई, बरं वाटतंय ना?” तिसऱ्यांदा विचारल्यावर आई म्हणाल्या, “तू जरा गप्प बसलास तर वाटेल.”

एक तास चाळीस मिनिटं त्या बसल्या. मध्ये काही बोलल्या असतील तर इतक्या हळू, की लाटांच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. मग उठल्या, पंचा झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. जागा चांगली धरलीये. खिडकीची.” मग मंदारकडे वळून म्हणाल्या, “ह्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या गाडीने येते.”

मंदारने तोंड फिरवलं.

“रडतोस काय? डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, तारीख द्या.”

उरलेल्या सहाही सकाळी मी साडेसहापासून किनाऱ्यावर होते. पाचवी खुर्ची रिकामी असायची. दोन दिवस एका जर्मन बाईंनी स्वतःचा टॉवेल टाकून ती बळकावली. हॉटेलात दुसरे कोणी भारतीय पाहुणे आहेत का, हे रिसेप्शनवर विचारलं, नव्हते. असं कापड तिथे मिळतं का, हे सफाईच्या बाईंना विचारलं; त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि मान हलवली. पंचा नकळत आईंच्या सामानात आला असेल, तर रोज खाली कोणी नेला? तिसऱ्या सकाळचं इरा आणि मंदार दोघंही नाकारतात. आई नेऊ शकल्या असत्या, असं धरलं, तरी मी न सांगितलेली एकतीस नंबरची छत्री त्यांना कशी सापडली? आणि ज्या पायांनी जिना उतरताना कठडा लागत होता, ते अकरा मिनिटांत वाळूतून जाऊन आले? मी स्वतः? प्रवासानंतरच्या अर्धवट झोपेत? तीही शक्यता मी खोडलेली नाही. पण माझ्याकडे तो पंचा नव्हता. कोणाकडेच नव्हता.

आईंचं ऑपरेशन डिसेंबरात पुण्यात झालं. आता त्या सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. पंचा त्यांच्याकडे आहे. तो धुवू नका, जपून ठेवा, एखाद्या जाणकाराला दाखवू, असं मी सुचवून पाहिलं. “पंचा आहे तो. अंग पुसायला नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायला?” रोज धुऊन दोरीवर टाकतात. माझा एकमेव पुरावा रोज थोडा थोडा झिजतोय.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो त्यांच्या खांद्यावर होता. इरा जर्मनमध्ये काहीतरी सांगत होती. मंदारने मध्येच विचारलं, “आई, ती मागची गाडी कितीची आहे गं?”

आई पंच्याने चष्मा पुसत होत्या.

“फलाटाला लागू दे ना आधी,” म्हणाल्या.