जुळत नाही

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना आमच्या गिरणीच्या चाळीत पत्र्यावरून पडला आणि त्याची मांडी उभी चिरली. दवाखान्यात नेईपर्यंत पोर पांढरंफटक पडलं होतं. दुसऱ्याचं रक्त द्यावं लागेल, म्हणाले डॉक्टर. तेव्हा सोलापुरात असलं काही आम्ही ऐकलंही नव्हतं. वडील बाही सारून सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. काचेवर थेंबात थेंब मिसळून बघितलं, आणि कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला, "बापाचं रक्त पोराशी जुळत नाही."

झालं! आईचं जुळलं, तिचंच दिलं, भाऊ वाचला. पण आत्या तिथंच बसलेली, आणि आत्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, पोरगं आईचं हाय, बापाचं न्हाय.

वडील भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. ते आईला 'बाळाची आई' म्हणून हाक मारायचे, ती हाकच बंद झाली. पाणी हवं असलं तरी मला सांगायचे, तुझ्या आईला म्हण. भाऊ जेवताना त्यांच्या ताटाशी सरकला की उठून जायचे. आई एकदाच बोलली, त्यांच्यादेखत, चुलीकडं तोंड करून. "देवाशपथ सांगते, तुमचंच हाय." वडिलांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. सहा वर्षं तिनं तशीच काढली आणि तापानं गेली.

पुढच्या वर्षी मी नर्सिंग शिकायला लागले. एकदा वर्गात रक्ताचे गट शिकवले. मूल थोडं आईकडून घेतं, थोडं बापाकडून. कधी आईचं तेवढं दिसतं आणि बापाचं आत दडून राहतं. मग सख्ख्या बापाचं रक्तही पोराला चालत नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. एवढंच होतं? एवढ्यासाठी माझी आई झिजून मेली?

सुट्टीत घरी गेले आणि वडिलांना समोर बसवून सगळं दोनदा सांगितलं.

"म्हंजे बाळाची आई खरं बोलली हुती," ते म्हणाले.

ती हाक कानावर पडावी म्हणून आईनं सहा वर्षं वाट बघितली होती. आता ती ऐकली मी.